बॅटरी बदलली, दोष राहिला

आमच्या घरची जुनी बॅटरी खराब झालेलीच नव्हती. ती मी भंगाराच्या भावात देऊन टाकली, नवी आणली, आणि नवीनेही तसाच दगा दिला तेव्हा कुठे डोक्यात आलं की दोष बॅटरीत नाही. पैसे गेले, त्याचं दुःख धरून बसण्यासारखं काही नाही. पण त्या चुकीच्या निदानामुळे मधले काही आठवडे आईचा श्वास नशिबावर सोडला गेला, आणि मी मात्र आपण पक्का बंदोबस्त केलाय अशा समजुतीत होतो. ज्यांच्या घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आम्ही जुळे सोलापुरात, विजापूर रस्त्याच्या आत सैफुलच्या बाजूला राहतो. आईला फुप्फुसाचा जुना आजार. खेड्यात असताना तिची निम्मी हयात चुलीपुढे गेली; तोच धूर आता छातीत बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर आला. हे यंत्र खोलीतली हवा ओढतं, झिओलाइटच्या बारीक खड्यांमधून दाबाने सोडतं. नायट्रोजन त्यात अडकतो आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन नळीवाटे नाकाशी येतो. सिलिंडर आणि यंत्र यांतला मुख्य फरक मात्र मी तेव्हा मनावर घेतला नाही. यंत्रात साठा नसतो. वीज थांबली की ऑक्सिजन थांबतो.

इन्व्हर्टर घरात आधीपासून होता, १२ व्होल्टची १५० ॲम्पियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी होती. यंत्राच्या मागे ३५० वॅट असं लिहिलेलं. माझी सगळी नोकरी आकडेमोडीत गेलेली, त्यामुळे लगेच कागद घेतला. १५० गुणिले १२ म्हणजे १८००, त्याला भागिले ३५०, म्हणजे पाच तासांच्या वर. पाच तास लाईट आमच्याकडे क्वचितच जाते. कागदाची घडी करून यंत्राच्या फाईलमध्ये ठेवली आणि बायकोला सांगितलं, पाच तासांची काळजी मिटली.

हिशेबात गुणाकार-भागाकार बरोबर होता, आकड्यांचा अर्थच मला कळला नव्हता. बॅटरीवर छापलेले १५० हे ती वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात ॲम्पियरने रिकामी केली तर मिळतात. ३५० वॅटचं यंत्र चालवताना इन्व्हर्टर तिच्यातून ३५ च्या आसपास ॲम्पियर खेचतो. इतक्या जोराने खेचल्यावर शिशाची बॅटरी पूर्ण साठा देऊच शकत नाही. त्यात इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस टक्के खातो, आणि वर पंखा, दोन दिवे, वायफायचा डबा असतोच. नव्याकोऱ्या बॅटरीवरसुद्धा तीन तास मिळाले तर पुष्कळ. आमची तर चार वर्षं वापरलेली होती.

माझ्या निर्धास्तपणाचं मूळ आणखी मागे आहे. भारनियमनाच्या वर्षांत आम्ही पहिला इन्व्हर्टर घेतला. तेव्हा लाईट वेळापत्रकाने जायची. कधी जाणार, कधी येणार हे ठाऊक असायचं, त्यामुळे दळण, पाणी, इस्त्री आधी उरकलेली असायची आणि बॅटरीही तोवर भरलेली असायची. मग दिवस पालटले. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यातच फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. सोलापूरकर म्हणून मला याचा अभिमान आहे, आजही आहे. पण त्या अभिमानाच्या भरात मी मनाशी धरून चाललो की आता आपल्याकडे लाईट जायचं कारणच उरलं नाही. वीज कितीही तयार होवो, माझ्या घरात ती येते गल्लीच्या टोकाच्या डीपीवरून, खांबावरच्या जंपरवरून आणि माझ्याच मीटरखालच्या दोन स्क्रूंमधून. आता लाईट जाते ती बहुतेक वेळा याच शेवटच्या टप्प्यात, आणि तिला वेळापत्रक नसतं.

मे महिन्यातली रात्र होती. दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत भाजून निघाल्यावर संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं, धूळ उडाली, थोडा शिडकावा झाला. दहाच्या सुमारास लाईट गेली. इन्व्हर्टरने भार घेतला, आईचं यंत्र क्षणभर अडखळून पुन्हा सुरू झालं. मी झोपलोसुद्धा. तासाभरात इन्व्हर्टर टीं टीं करू लागला आणि बायकोने मला हलवून उठवलं. मी तिला म्हणालो, "अगं, पाच तासांचा हिशेब आहे, दुसरा कसला तरी आवाज असेल." कागदावरच्या आकड्यावर माझा इतका विश्वास होता की समोरच्या यंत्राचं मी ऐकलं नाही. हातातली दहा मिनिटं तशीच गेली. मग सगळं एकदम बंद पडलं. ऑक्सिजनच्या यंत्राचा धोक्याचा भोंगा तेवढा वाजत राहिला.

कोपऱ्यात बी टाईपचा ऑक्सिजन सिलिंडर होता. भरलेला. डॉक्टरांनीच ठेवायला लावला होता. बी टाईपमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. आईला मिनिटाला दोन लिटर लागतो, म्हणजे बारा तास निघतील इतका साठा तिच्या पलंगापासून चार हातांवर उभा होता. त्याची किल्ली सापडेना. व्हॉल्व्ह उघडायचा तो छोटा पाना, हरवायला नको म्हणून मीच कुठेतरी जपून ठेवला होता. मोबाईलच्या उजेडात कपाटं उपसली, खण उलटे केले. आई उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढत श्वास घेत होती. ओठ निळसर दिसायला लागले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ऐंशीच्या खाली उतरला. तशातही ती मला म्हणाली, "गडबड करू नको, अंधारात पडशील."

आमचा आवाज ऐकून शेजारचे काका आले. त्यांचा इन्व्हर्टर चालू होता. त्यांनी काही न विचारता एक्स्टेंशन बोर्ड आणलं, कुंपणाच्या भिंतीवरून वायर टाकली, आणि आईचं यंत्र त्यांच्या घरावर सुरू झालं. काकूंनी आपल्या घरातले सगळे पंखे बंद केले, भार कमी झाला तर यंत्र जास्त वेळ चालेल म्हणून. त्या उकाड्यात ते दोघं बाहेर ओट्यावर बसून राहिले. खांबावर माणसं चढून पहाटे लाईट आली. किल्ली सकाळी देवघराच्या खणात मिळाली.

त्या सकाळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारायला हवा होता. माझा हिशेब फुगवलेला होता हे मानलं, तरी चार वर्षांच्या बॅटरीने दोनेक तास द्यायला हवे होते, मग एकच तास का दिला? हा प्रश्न मी विचारलाच नाही. बॅटरी गेली, हे उत्तर तयार होतं. वॉरंटी संपलेली होती, आणि रात्री जे घडलं त्याची शरम इतकी होती की ताबडतोब काहीतरी करून दाखवायचं होतं. दुकानदार म्हणाला, "मालक, जुनी चार्जिंगला लावून एकदा ग्रॅव्हिटी बघू की." मी म्हणालो, बघण्यात वेळ नको, नवीच द्या. त्याने दिली. जुनीचे वजनावर पैसे वळते केले. पुढे त्यानेच सांगितलं की त्याने ती पूर्ण भरून बघितली आणि ती चांगली निघाली.

बघायला फारसं काही लागलं नसतं. बॅटरी पूर्ण भरायची, वायरी सोडवून काही तास तशीच ठेवायची आणि मल्टिमीटर लावायचा. भरलेली बॅटरी अशा वेळी साडेबाराच्या वर, १२.७ व्होल्टपर्यंत दाखवते. आत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात; एखादा सेल मेला असेल तर आकडा साडेदहाच्या आसपास अडकतो. मग हायड्रोमीटर. रबरी फुगा दाबून प्रत्येक सेलमधलं आम्ल नळीत ओढायचं आणि आतला तरंगता काटा वाचायचा. ट्युब्युलर बॅटरी भरलेली असेल तर काटा १२४० च्या जवळपास असतो. पाच सेल ठीक आणि एकच फार खाली, तर बॅटरी गेली असं समजायचं. सहाही सारखेच खाली असतील तर बहुधा ती मेलेली नसते, उपाशी असते. तिला नीट भरूच दिलं जात नाहीये, आणि ते का, हे बॅटरीच्या बाहेर शोधायचं असतं. आमचं नेमकं हेच होतं.

नवी बॅटरी बसल्यावर आम्ही पुन्हा निर्धास्त झालो. किल्ली आता सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधलेली होती, एवढी एक गोष्ट शिकलो होतो. जूनमध्ये एका संध्याकाळी परत लाईट गेली आणि नव्या बॅटरीनेही दीड तासाच्या आत मान टाकली. आईला लगेच सिलिंडरवर घेतलं, तिला त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या ओळखीच्या वायरमन मामांना फोन केला आणि लाईट गेल्यावर काय काय झालं ते सविस्तर सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "साहेब, लाईट गेल्यावर काय होतंय ते राहू द्या. लाईट असताना काय होतंय ते बघू. रात्री आठला येतो."

आठलाच का, ते आल्यावर कळलं. घरात सगळं नेहमीसारखं चालू होतं, आईच्या खोलीत एसी, हॉलमध्ये पंखे, टीव्ही. मामा जिन्याखाली इन्व्हर्टरसमोर नुसते उभे राहिले आणि मला बोलावून एक दिवा दाखवला. लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर चालला होता. पाच-सात मिनिटांनी खट्ट आवाज होऊन तो परत मेनवर आला, थोड्या वेळाने पुन्हा बॅटरीवर. घरातले दिवे-पंखे चालूच राहत असल्याने आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. तो खट्ट आवाज मी अनेक संध्याकाळी ऐकला होता आणि कधी उठून बघितलं नव्हतं.

मामांनी सॉकेटमध्ये मीटर घातला, १७८ व्होल्ट. मग काकांच्या घरी जाऊन बघितलं, तिथे १९०. उन्हाळ्यात त्या वेळी सगळ्यांचे कूलर-एसी सुरू असतात, व्होल्टेज थोडं पडणारच. पण दोन घरांतला दहा-बारा व्होल्टचा फरक माझ्या घरातला होता. मेन स्विच बंद करून त्यांनी झाकण उघडलं. न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरीचं टोक काळं, शेजारचं प्लॅस्टिक भाजून तपकिरी झालेलं. एसी सुरू झाला की त्या सैल सांध्यात व्होल्टेज गळायचं आणि सांधा तापायचा. मनातल्या मनात मी कित्येक महिने बाहेरच्या पुरवठ्याला बोल लावत होतो. आग लागण्याच्या बेतातला तो सांधा माझ्या भिंतीवर होता.

आणि दुसरी गोष्ट माझ्याच हाताने झालेली. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला साधा. यूपीएस मोडमध्ये बाहेरचं व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर ताबडतोब बॅटरीवर उडी मारतो, म्हणजे संगणक बंद पडत नाही. साध्या मोडमध्ये तो शंभराच्या आसपास व्होल्टेजपर्यंत मेनवरच राहतो. मुलाचं घरून काम सुरू झालं तेव्हा त्याचा संगणक सारखा बंद पडतो म्हणून मी ते बटण यूपीएसवर टाकलं आणि विसरलो. पुढे मुलगा पुण्याला गेला, बटण तिथेच राहिलं. म्हणजे रोज संध्याकाळी १७८ व्होल्ट आले की आईचं ३५० वॅटचं यंत्र लाईट असताना बॅटरी पीत होतं. दहा वाजता खरी लाईट जायची तेव्हा अर्धी बॅटरी आधीच संपलेली. आणि १५० ची रिकामी बॅटरी दहा-पंधरा ॲम्पियरने भरायला दहा-बारा तास लागतात, ते तिला सलग मिळतच नव्हते.

मामांनी जळकं टोक कापून नवी लग लावली, मेन स्विच बदलला, बटण साध्यावर टाकलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. साध्या मोडमध्ये पडलेलं व्होल्टेज थेट ऑक्सिजनच्या यंत्राला मिळणार आणि त्याच्या कॉम्प्रेसरला ते मानवणार नाही, म्हणून त्या यंत्रापुरता वेगळा स्टॅबिलायझर बसवायला लावला. माझ्यासारख्याने बटण फिरवून समाधान मानलं असतं. आमच्या घरी मेन बोर्ड उघडायचं काम मामांसारख्या माणसानेच करायचं, मी करायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

बॅटरीवर मी आणखीही अन्याय केलेले आहेत. लाल तरंगते खाली गेले की मी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी ओतत असे. फिल्टरमधून येतं म्हणजे शुद्धच, अशी समजूत. त्यात उरलेले क्षार प्लेटांवर बसतात. डिस्टिल्ड वॉटरच लागतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते दर महिन्याला बघावं लागतं. (ॲसिड मात्र कधीच वरून घालायचं नसतं. बाष्प होऊन उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं.) दिसायला बरं नाही म्हणून बॅटरी जिन्याखालच्या लाकडी कपाटात दार लावून ठेवली होती. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला वाट हवी. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आमच्याकडच्या मे महिन्यात बंद कपाटात काय होत असेल ते सांगायला नको. आता ती पोर्चच्या आतल्या बाजूला, सावलीत, उघड्या ट्रॉलीवर आहे.

पाण्याच्या पाळीला केलेली चूक आमच्या भागातल्या पुष्कळांनी केली असेल. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि त्याच दिवशी लाईट गेली की हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं कसं, हा प्रश्न येतो. मी अर्ध्या एचपीची मोटर इन्व्हर्टरवर लावली. मोटर चालू व्हायच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडला आणि त्याच्यामागे अख्खं घर. तेव्हा आईचं यंत्र घरात नव्हतं, म्हणून निभावलं. आज त्या मोटरचा प्लग इन्व्हर्टरच्या कुठल्याही सॉकेटपर्यंत पोहोचत नाही, अशी व्यवस्था केली आहे.

छपरावर सोलर बसवतानाही मी असाच घसरणार होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, आणि माझ्या मनात आलं की आता दिवसा तरी बॅटरीची गरज संपली. मामांनीच सांगितलं की अनुदानातलं नेहमीचं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की भर उन्हात बंद होतं, आणि ते तसंच व्हायला हवं. नाहीतर छपरावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर काम करणारा माणूस जिवाला मुकेल. बिल कमी करायला ते उत्तम आहे. बॅकअप म्हणून त्याच्याकडे बघू नये.

घरात ऑक्सिजनचं यंत्र असलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. पावसाळा-उन्हाळा कशाची वाट न बघता येत्या सुट्टीच्या सकाळी, घरात दोन धडधाकट माणसं हजर असताना, आधी सिलिंडर उघडून बघा. किल्ली, रेग्युलेटर, नळी सगळं जागेवर असू द्या. आजारी माणसाला सिलिंडरवर घ्या, मग मेन स्विच बंद करा आणि यंत्र नुसतं इन्व्हर्टरवर चालू द्या, रात्री चालतात तेवढे पंखे-दिवे लावून. इन्व्हर्टर ओरडायला लागेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळात बघा आणि तो भार काढून टाका. त्याच्या आदल्या संध्याकाळी आठ-नऊच्या दरम्यान इन्व्हर्टरसमोर थोडा वेळ उभे राहून तो मेनवर आहे की बॅटरीवर, तेही बघा. मिळालेला वेळ कितीही भरघोस वाटला तरी त्याच्या निम्म्यावरच विसंबा, आणि तो आकडा, डॉक्टरांचा नंबर आणि वीज तक्रारीचा १९१२ हा नंबर मोठ्या अक्षरांत यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवून ठेवा.